जुनी जेटस्की पेट्रोल ओढत नाही? टाकीपासून प्लगपर्यंत तपासायचा क्रम

गणपती झाले की कोकणातल्या जेटस्की घाट चढून कोल्हापुरात यायला लागतात. मालवण, तारकर्ली, देवबाग भागात पावसाळाभर समुद्रातली जलक्रीडा बंद असते. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गाडी ताडपत्रीखाली पडून राहते आणि सप्टेंबरात पहिला सेल मारला की नुसती घरघरते. पंचवीस-तीस वर्षं जुनी टू-स्ट्रोक गाडी असली की तिला हात लावायला सहसा कुणी तयार होत नाही. मग ती पिकअपवर चढते आणि फोंडा नाहीतर करूळ घाटानं वर येऊन शिवाजी उद्यमनगरात उतरते. इथं एका गल्लीत सिलिंडर बोअर होऊन मिळतो, दुसऱ्या गल्लीत बुश बनवून मिळतं, आणि टू-स्ट्रोकचा आवाज कानात बसलेली माणसं अजून आहेत.

गेल्या वर्षी अशीच एक दोन सिलिंडरची गाडी आली. मालक पार वैतागला होता. "मेस्त्रीनू, तीन येळा कार्बोरेटर खोललो, तरी धा मिन्टांनी बंद पडताच." मी विचारलं, "भावा, बंद पडल्यावर टाकीचं झाकण कुणी उघडून बघितलं काय?" कुणीच बघितलं नव्हतं. पाण्याचा पाईप लावून थांबत थांबत गाडी चालवली. चौथ्या वेळेला इंजिन खोकायला लागलं. झाकण सैल केलं तसा टाकीनं 'स्सस' करून लांब श्वास आत ओढला आणि इंजिन सरळ झालं. टाकीत हवा सोडणारी बारीक नळी जिथं बाहेर उघडते तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. तारेनं उकरलं तेव्हा आत तिनं पिल्लासाठी साठवलेली वाळकी अळीसुद्धा निघाली. तीन वेळा उघडलेला कार्बोरेटर पहिल्यापासून चांगला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की कार्बोरेटर शेवटी उघडायचा. पेट्रोल ज्या वाटेनं येतं त्या वाटेनं, टाकीपासून सुरुवात करून चालत यायचं. दुसरं त्याहून महत्त्वाचं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडणं म्हणजे नुसता पिकअप जाणं नाही. मिश्रणात हवा जास्त झाली की जळण गरम होतं आणि पिस्टनचा माथा वितळतो. बऱ्याच जुन्या गाड्यांचा ऑइल पंप काढून टाकलेला असतो आणि ऑइल पेट्रोलातच मिसळून घालतात. अशा गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. "जरा मिसिंग करते, पण चालते" म्हणत दोन दिवस पर्यटक फिरवले तर तिसऱ्या दिवशी पिस्टन, रिंगा आणि कधी क्रँकसुद्धा घालवून बसाल.

हात लावण्याआधी

सीट काढा, पुढचं झाकण उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच उघडी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या बुडाशी साठते आणि सेल मारताना एक ठिणगी पुरते. हा नियम मी गाडी दारात आल्या आल्या पाळतो, वास येवो अथवा न येवो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सेल मारायच्या वेळीच परत जोडा. पेट्रोल काढताना तोंडानं ओढू नका, हातपंप वापरा.

जमिनीवर इंजिन चालवायचं तर पाण्याचा पाईप लावूनच. इथं क्रम चुकला तर इंजिन जातं. आधी इंजिन चालू करायचं, मग पाणी सोडायचं. बंद करताना आधी पाणी बंद, एक-दोन रेस देऊन सायलेन्सरमधलं पाणी बाहेर काढायचं, मग इंजिन बंद. उलट केलं तर पाणी सायलेन्सरमधून मागे येऊन सिलिंडरमध्ये शिरतं. पाण्याशिवाय पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवू नका, आणि पाणी लावलेलं असलं तरी दोन-तीन मिनिटांनी थांबवा. पाण्याबाहेर असताना मागच्या शाफ्टचं सील तापतं.

आणखी एक तपासणी पेट्रोलच्या आधी करायची ती कॉम्प्रेशनची. प्लग काढा, त्यांच्या वायरी नीट अर्थ करा, ॲक्सिलेटर पूर्ण दाबा आणि गेज लावून सेल मारा. बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक जेटस्कीत चांगलं कॉम्प्रेशन १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान येतं. दोन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक १३५ आणि दुसरा ९० दाखवत असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका, आधी हेड उघडा.

गाडी काय सांगते ते ऐका

ग्राहक 'चालू होत नाही' एवढंच सांगतो. त्याला खोदून विचारा. थंड असताना होत नाही की गरम झाल्यावर? चोक ओढला की चालते आणि सोडला की बंद पडते? हळू चालते पण पूर्ण रेस दिली की दम टाकते? की चालता चालता दहा मिनिटांनी मरते आणि अर्धा तास विसावा दिला की परत चालते?

चोकशिवाय चालत नसेल तर स्लो रेसच्या वाटेत कचरा आहे, नाहीतर कुठून तरी जादा हवा ओढली जाते. पूर्ण रेसवर दम टाकत असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे गाळणी, कॉक, पाईप किंवा पल्स लाईन (पेट्रोलचा पंप हलवणारी नळी) बघायची. विसाव्यानंतर चालणारी गाडी बहुतेक वेळा टाकीत हवा जात नसल्याचं सांगते. रेस आपोआप चढत असेल तर ताबडतोब बंद करा. किल स्विचनंही थांबली नाही तर पूर्ण चोक ओढा, जास्त पेट्रोलनं इंजिन गुदमरून थांबतं. ही गाडी हवेची गळती सापडेपर्यंत पुन्हा चालवायची नाही.

मग प्लग काढून बघा. सेल मारूनही कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी तपासा. चालवलेल्या गाडीचा प्लग चॉकलेटी असावा. पांढरा पडला असेल तर मिश्रण कोरडं आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, काळा चिकट असेल तर पेट्रोल जास्त. टोकावर पाण्याचा थेंब किंवा दुधट ओल दिसली तर पेट्रोलात पाणी आहे किंवा गॅस्केट गेलंय.

प्लग कोरडा असेल तर एक साधी परीक्षा घ्या. ऑइल मिसळलेलं चमचाभर पेट्रोल प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये घाला, प्लग घट्ट बसवा, सांडलेलं पुसा, थोडं थांबा आणि सेल मारा. दोन-तीन सेकंद भडकून चालली आणि मेली तर ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक, पेट्रोलची वाट बंद. आता त्या वाटेनं चालायला लागा.

पेट्रोल: आपल्याच उसाचं अल्कोहोल

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या बहुतेक बिघाडांचं मूळ इथंच निघालं. कोल्हापूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. इथल्या उसातून तयार होणारं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलात जातं. जून २०२२ पर्यंत देशात पेट्रोलात सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल विक्रीला आलं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण १९९५ साली बनलेल्या जेटस्कीला हे कुणी विचारलेलं नाही. त्या काळच्या पुस्तकांत साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं.

इथेनॉल तीन तऱ्हेनं त्रास देतं. पहिला त्रास रबराला. जुने पाईप, डायफ्राम (पातळ रबरी पडदे), ओ-रिंगा फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात. दुसरा त्रास मिश्रणाला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ई-२० शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त लागतं. कार्बोरेटरचा जुना जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, मात्र तेवढंच सोडतो, म्हणून गाडी कोरडी चालते.

तिसरा त्रास सगळ्यात वाईट. इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे साधारण ५ मिली पाणी पोटात धरून ठेवतं, २० टक्क्यांचं त्याहून जास्त. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोल सोडून एकत्र तळाला जातात. पावसाळ्यात अर्धी टाकी, वर दमट हवा, झाकणाची ओ-रिंग कडक झालेली. एवढं असलं की हे घडायला वेळ लागत नाही. टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशी असते, त्यामुळे पहिला घोट या थराचाच जातो. आणि टू-स्ट्रोकचं ऑइल या थरात विरघळत नाही. इंजिन ऑइलशिवाय चालतं आणि जाम होतं.

म्हणून टाकीच्या अगदी तळातून अर्धा लिटर काढा आणि काचेच्या पारदर्शक बाटलीत तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर, त्यावर सरळ रेघ दिसली तर सगळी टाकी रिकामी करायची. 'वरचं चांगलं आहे, ते ठेवू' म्हणू नका. वरच्या पेट्रोलातून इथेनॉल निघून गेलेलं असतं, त्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. वासही घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणझणतो, शिळ्याचा वास जुन्या वार्निशसारखा आंबूस येतो.

पंपावरून आणलेल्या पेट्रोलात किती इथेनॉल आहे ते घरी मोजता येतं. १०० मिलीची काचेची मोजनळी घ्या. १० मिली पाणी आणि ९० मिली साधं पेट्रोल घाला, ऑइल मिसळलेलं नको. बूच लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. १० ची रेघ २८ च्या आसपास गेली तर पेट्रोल २० टक्क्यांचं आहे.

काढलेलं खराब पेट्रोल गटारात ओतू नका. आमच्याकडचं गटार जयंती नाल्याला जातं आणि नाला पंचगंगेला. मी ते बंद डब्यात साठवतो आणि टाकाऊ ऑइल नेणाऱ्याच्या हवाली करतो.

ऑइल मिसळायचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात असतं. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, चाळीसास एक म्हणजे २५ मिली. अंदाजानं ओतू नका, मापानं घाला. ऑइल पाण्यातल्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं असावं; काही मॉडेलांना वेगळं लागतं, तेही पुस्तकात बघा.

टाकी आणि तिचा श्वास

रिकाम्या टाकीत टॉर्च मारून बघा. तळाशी चिखल, शेवाळ्यासारखा गाळ किंवा पाण्याचे मणी दिसले तर टाकी काढून धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. आतल्या नळ्यांच्या तोंडाला जाळी असते, ती हातानं चाचपा. साधारणपणे दोन नळ्या असतात: 'ऑन'ची थोडी वर, 'रिझर्व्ह'ची तळाशी. 'ऑन'वर बंद पडणारी गाडी 'रिझर्व्ह'वर चालत असेल तर वरच्या नळीची जाळी बुजली असेल किंवा नळी तडकली असेल.

श्वासाची नळी मी प्रत्येक गाडीवर बघतो. तिच्यात एका बाजूनं हवा जाऊ देणारा छोटा वॉल्व्ह असतो. गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ नये, पण टाकीत हवा मात्र शिरावी, एवढं त्याचं काम. नळी काढून फुंकून बघा: टाकीच्या दिशेनं फुंकर गेली पाहिजे, उलट्या दिशेनं अडली पाहिजे. मिठानं हा वॉल्व्ह चिकटतो. कोमट पाण्यानं धुऊन मोकळा झाला तर ठीक, नाहीतर बदला. काढून फेकून नुसती नळी ठेवू नका. आणि उलटा बसवू नका. वॉल्व्ह उलटा बसवलेली गाडीसुद्धा माझ्याकडे आलेली आहे.

पाईप, कॉक, गाळणी

पाईप बोटांत धरून वाकवा. तडे दिसले, चिकट लागला किंवा दाबल्यावर पुन्हा फुगला नाही तर बदला. नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांत राखाडी रंगाचे पाईप येत. ते आतून विरघळतात आणि हिरवट चिकट घाण कार्बोरेटरच्या गाळणीत नेऊन बसवतात. बाहेरून अगदी ठणठणीत दिसतात. असे पाईप असतील तर एकही न ठेवता सगळे बदला, त्याशिवाय कार्बोरेटर साफ करण्यात अर्थ नाही. नवे पाईप इथेनॉल चालणारे, पेट्रोलसाठीचेच घ्या. पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण महिन्याभरात कडक होऊन क्लिपेतून हवा ओढायला लागते. पेट्रोल ठिबकत नाही म्हणजे पाईप चांगला असं समजू नका. या वाटेत पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे बारीक फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

कॉक उघडून आतली ओ-रिंग बघा. अर्धवट फिरणारा कॉक अर्धंच पेट्रोल सोडतो. गाळणीच्या पारदर्शक वाटीत पाणी खाली बसलेलं दिसतं. वाटी काढा, धुवा, तिची गोल रिंग बदला.

आता सलाईनची बाटली. मोटारसायकलच्या टाकीऐवजी बाटली लटकवून इंजिन तपासताना आपल्याकडे सगळ्यांनी बघितलेलं आहे. जेटस्कीलाही तेच करा. ताजं पेट्रोल मापानं ऑइल मिसळून लहान डब्यात घ्या, कार्बोरेटरला येणारा पाईप थेट त्यात सोडा आणि परतीचा पाईपही त्याच डब्यात सोडा. डबा बोटीच्या बाहेर, घट्ट बसेल असा ठेवा. या डब्यावर गाडी सुतासारखी चालली तर दोष टाकी, कॉक, गाळणी आणि पाईप यांतच आहे. तरीही दम टाकत असेल तर पुढे जा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि निम्मी शंका फिटते.

कार्बोरेटर उघडण्याआधी शेवटची नळी पल्स लाईनची. जेटस्कीत पेट्रोल ओढणारा पंप विजेवर चालत नाही. क्रँककेसमध्ये पिस्टन वरखाली होताना जो दाब कमीजास्त होतो, तो एका नळीतून पंपाच्या डायफ्रामला हलवतो. नळीला केसाएवढा तडा गेला तरी पंप अर्ध्या ताकदीनं चालतो. हळू चालताना काही कळत नाही, पूर्ण रेसवर इंजिन उपाशी राहतं. नळी काढून एक टोक बोटानं दाबून पाण्यात धरा आणि दुसरीकडून फुंका. बुडबुडा आला की बदला, जाड भिंतीचीच घाला.

आता कार्बोरेटर

जुन्या जेटस्कीत बहुधा मिकुनीचे सुपर बीएन जातीचे कार्बोरेटर असतात. मोटारसायकलसारखा यात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा तुकडा, नसतो, कारण लाटेवर गाडी आडवीतिडवी होते. फ्लोटचं काम डायफ्राम करतो. त्यामुळे मोटारसायकलचा चांगला कारागीरसुद्धा पहिल्यांदा इथं गोंधळतो.

खोलण्याआधी लो आणि हाय हे (स्लो रेसचं आणि पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारे) दोन्ही स्क्रू हलक्या हातानं आत फिरवत किती फेऱ्यांत बसतात ते मोजा आणि वहीत लिहा. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींचे वेगळे. जोर लावून दाबू नका, स्क्रूचं टोक आपली जागा खराब करतं. मग सगळं नीट, एकेक कप्पा क्रमानं उघडा आणि मोबाईलवर फोटो काढत जा.

पंपाच्या झाकणाखाली नखाएवढी गोल जाळी असते. ती बघितल्याशिवाय कार्बोरेटर साफ झाला असं म्हणू नका, कारण पुष्कळ जण ती उघडतच नाहीत. मागे एका गाडीच्या जाळीवर काकवीसारखा तपकिरी चिकट थर बसला होता, उजेडासमोर धरली तर एकही भोक दिसत नव्हतं. बाकी कार्बोरेटर आरशासारखा पुसलेला!

डायफ्राम, ओ-रिंगा, नीडल (पेट्रोलची वाट उघडणारी-मिटणारी सुई) सगळं काढल्यावरच क्लीनर मारा, त्या फवाऱ्यानं रबर कडक होतं. जेटमध्ये सुई किंवा पिन घालू नका, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते. खाऱ्या पाण्याची पांढरी भुकटी ॲल्युमिनियमवर बसलेली असते, ती ब्रशनं काढा. शेवटी प्रत्येक भोकातून हवा मारून ती पलीकडे कुठून निघते ते बघा. स्लो रेसची तीन बारीक भोकं बटरफ्लायजवळ, म्हणजे ॲक्सिलेटरनं उघडणाऱ्या चकतीजवळ असतात, ती राहून जातात आणि मग चोकशिवाय गाडी चालत नाही.

नीडलचं टोक नखावर फिरवा. गोल वळ जाणवला तर नीडल आणि तिची सीट जोडीनं बदला. नीडल उचलणारा लिव्हर कप्प्याच्या तळाशी समपातळीत हवा. वर राहिला तर पेट्रोल ओव्हरफ्लो, खाली गेला तर उपास. नीडल बसवल्यावर पेट्रोलच्या नळीतून हातपंपानं दाब द्या. किती दाबाला नीडल उघडते ते स्प्रिंगवर ठरतं, आकडा मॉडेलच्या पुस्तकात असतो. पण १० पीएसआयला मिनिटभर काटा हलता कामा नये. काटा उतरत असेल तर ती गाडी उभ्या उभ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणार.

डायफ्राम, नीडल, रिंगांचं दुरुस्तीचं किट अस्सल घ्या. नकली किटचा डायफ्राम हाताला जाड आणि ताठ लागतो. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींत एकाच वेळी किट घाला, आणि बसवताना दोन्ही बटरफ्लाय एकाच क्षणी उघडतात ना ते डोळ्यांनी बघा. कार्बोरेटरवरची ज्वाला अडवणारी जाळी परत बसवल्याशिवाय सेल मारायचा नाही. एक बॅकफायर आणि बोटीच्या बुडातली वाफ, एवढ्यानं आग लागते.

सगळं करूनही रेस चढउतार करत असेल तर क्रँकची सीलं तपासावी लागतात. सगळी तोंडं बंद करून थोडा दाब भरायचा, साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे शोधायचे. यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून ते शेवटी.

कोल्हापूरची सेटिंग समुद्रावर चालत नाही

ही गोष्ट मी एका इंजिनाच्या किमतीत शिकलो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. खाली मालवणला हवा जवळपास पाच टक्के घट्ट असते. इथं चॉकलेटी प्लगवर सेट केलेली गाडी तिथं कोरडी चालते. त्यात इथेनॉल तिला आणखी कोरडी करतं. काही वर्षांपूर्वी एक गाडी मी इथं अगदी मनासारखी लावून दिली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मागच्या पिस्टनला भोक पडल्याचा फोन आला. तेव्हापासून मी हाय स्क्रू पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पाव फेरा जास्त उघडा ठेवूनच गाडी देतो. या कार्बोरेटरात स्क्रू बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त, हे लक्षात ठेवा.

शेवटची सेटिंग पाण्यातच, भार घेऊन होते. पाईप लावून जमिनीवर ती होत नाही. रंकाळा हाकेच्या अंतरावर असला तरी मी तिथं गाडी नेत नाही, टू-स्ट्रोकचं ऑइल त्या तळ्यात सोडायला माझा हात धजत नाही. मालकाबरोबर एकदा खाली जातो. नवे प्लग घालून एक मिनिट पूर्ण रेसवर चालवायची, तशीच रेसवर किल स्विच दाबायचा आणि किनाऱ्यावर ओढून आणून प्लग बघायचे. पांढरट दिसले तर एक अष्टमांश फेरा बाहेर, पुन्हा तेच. घाई करायची नाही.

पावसाळ्यात ठेवताना, आणि पुराच्या बोटी

मे अखेरीस टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन मरायला लागेल तसा चोक ओढा, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालून क्रँक फिरवा. श्वासाच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. हवा जाईल, माशी जाणार नाही.

हे सगळं शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या नदीकाठच्या गावांनाही सांगायचं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर इकडे मोटर लावलेल्या बोटी वाढल्या. ती मोटर वर्षातले अकरा महिने शेडमध्ये असते आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की तिच्यावर माणसं बसवायची असतात. दोष तेच असतात: शिळं पेट्रोल, तळाला पाणी, चिकटलेला कार्बोरेटर. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत तो बंद करतात आणि पाण्यात उतरल्यावर उघडायचा राहतो. मोटर पाच मिनिटं चालते आणि भर प्रवाहात बंद पडते. तसं झालं तर दोरी ओढत बसण्याआधी तो स्क्रू उघडा आणि पाईपमधला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा.

जून लागायच्या आत जुनं पेट्रोल काढून टाका, ताजं भरा, मोठ्या पिपात पाणी घेऊन मोटरचं पाणी ओढण्याचं तोंड बुडेल अशी ती लावा आणि दहा मिनिटं चालवून बघा. झाल्यावर पेट्रोलचा पाईप काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, आणि टाकीवर पेट्रोल भरल्याची तारीख रंगानं लिहा. पूर येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी हे परत करा.